बारा दांड्या आणि एक पोस्टकार्ड

मुक्काम हिंगोली,
कार्तिक वद्य सप्तमी, शके १८५९

चिरंजीव राजमान्य राजेश्री उद्धवराव वकील, मुक्काम परभणी, यांस मार्तंडशास्त्री यांचे अनेक आशीर्वाद. येथील मंडळी आपापल्या जागी ठीक आहेत. मातोश्रींच्या डाव्या डोळ्याचे पाणी थांबले काय, ते कळवावे. (उजवा सुधारल्याचे तुम्ही लिहिले होते, डाव्याविषयी मौन होते. मौनावरून मी अद्याप अनुमान केलेले नाही.) माझा दमा त्याच्या ठिकाणी आहे, मी माझ्या ठिकाणी आहे, आणि थंडी वाढेपर्यंत दोघांचे बरे चालेल.

तुमचे दुसरे कार्ड काल पोचले. त्यात एकाच वाक्यात दोन प्रश्न आहेत: कालिंदी आली का, आणि गाडी ठीक आहे का. प्रश्नांचा क्रम पाहून समाधान वाटले. नवी मोटार दाराशी आलेले लोक हा क्रम उलटा लावतात असे माझे निरीक्षण आहे. उत्तरे मात्र मला उलट्या क्रमाने द्यावी लागतील, कारण पहिले उत्तर दुसऱ्यावर अवलंबून आहे आणि कारण सांगण्यापूर्वी कार्य सांगणे हा विवेचनातला दोष होय. एवढे लिहून होते न होते तोच तुमच्या भगिनी पार्वतीबाई पाठीशी येऊन उभ्या राहिल्या. "आधी लेकीचं लिहा. तिथं माझ्या भावाचा जीव टांगणीला लागला असेल." मी कार्यकारणाचा क्रम समजावून सांगितला. त्यावर त्या म्हणाल्या, "कार्य आधी लिहा अन् कारण सावकाश लिहा. कारणाला काही भूक लागली न्हाई." या युक्तिवादात व्याप्ती नाही, तथापि लिहितो: कालिंदी सुखरूप आहे. ती कोठे आहे व तेथे कशी पोचली, हे क्रमाने येईल.

पूर्वपक्ष तुम्हांस ठाऊक असला तरी तो नीट मांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे ही रीत. आठवा महिना लागल्यावर गर्भिणीने प्रवास करू नये हीही रीत. आठवा महिना कार्तिक वद्य प्रतिपदेला लागत होता. कालिंदी जवळाबाजारला सासरी, आम्ही हिंगोलीला, मध्ये औंढ्यावरून तेरा कोस, आणि तिकडे रेल्वे नाही. विहीणबाई मंजुळाबाईंनी निरोप पाठवला तो शब्दशः देतो: "बैलगाडीत घालून माझी सून मी पाठवायची न्हाई, शास्त्रीबुवा. रस्ता निम्मा दगडाचा. पौर्णिमेपर्यंत मोटार आणा अन् खुशाल न्या. न्हाई जमलं तर बाळंतपण इथंच." मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचे पाणीही न घेण्याची आपल्याकडे रीत असल्याने, बाळंतपण तेथे झाले असते तर पार्वतीबाई तेथे राहू शकल्या नसत्या. दोन महिने आधीच डिंक निवडून ठेवला होता, तो त्यांनी पुन्हा निवडावयास घेतला. (याच घरातून वीस वर्षांपूर्वी अशाच प्रसंगी एक बैलगाडी रिकामी परत गेली होती. तो विषय येथे अप्रस्तुत आहे.)

अशा स्थितीत तुम्ही भाऊबीजेला आलात आणि ओवाळणीच्या तबकात मोटारीची किल्ली ठेवलीत. "ताई, बाळंतपण होईपर्यंत गाडी तुझी," असे म्हणालात.

आता दोषाचे मूळ. परभणीला परतल्यावर तुम्ही जे पहिले कार्ड पाठविले, त्यावर तीन वाक्ये होती: "इंजिन टिकटिक वाजते ते वाजू द्यावे. वरचे झाकण उघडू नये. कृपा करून हात लावू नये." उद्धवराव, तुम्ही वकील आहात. तीन प्रतिज्ञा लिहिल्यात आणि एकीलाही हेतू दिला नाहीत. कार्डावर चार बोटे जागा कोरी होती. एका ओळीत कारण मावले असते. हेतूवाचून केलेली प्रतिज्ञा मानावयाची असती, तर मी बारा वर्षे काशीस कशासाठी राहिलो?

मोटार आली त्या दिवसापासून ती टिकटिक मी ऐकत होतो. घड्याळाची टिकटिक समजते. तिला प्रयोजन आहे. ही टिकटिक घाईची, एखादी चिडलेली बाई न बोलता भांडी आपटते तशी. कालिंदीला लहानपणापासून असला आवाज सोसत नाही. विषमज्वरात तिच्यासाठी घरातले घड्याळ मी तीन आठवडे बंद ठेवले होते. अवघडलेल्या मुलीने तेरा कोस हे ऐकत यावे हे मला पटेना. म्हणून जिनिंगच्या इंजिनावरचे लालसिंग मिस्त्री, ज्यांना तुम्हीच गाडी चालविण्यास नेमून गेलात, त्यांना मी विचारले. त्यांनी झाकण उघडून दाखविले. (उघडू नये असे तुम्ही लिहिले होते, परंतु ते त्यांनी उघडले, मी नव्हे.) आत एका ओळीत बारा आखूड लोखंडी दांड्या होत्या. प्रत्येक मध्यावर टेकलेली: खालून एक काठी एक टोक वर ढकलते, तेव्हा दुसरे टोक खाली जाऊन इंजिनाची झडप दाबते. मुले लाकडाच्या ओंडक्यावर फळी टाकून झोके घेतात तसे. मिस्त्री लोक या दांड्यांना राकर म्हणतात. दांडीचे टोक आणि झडप यांच्यामध्ये कार्डाच्या जाडीइतकी फट होती, आणि आवाज त्या फटीचा होता.

मी विचारले, ही फट कशासाठी? लालसिंग म्हणाले, "असती, महाराज."

कशासाठी असते?

"असावी लागती. वाजून राहिलं म्हंजे बराबर चालून राहिलं. ज्या दिशी गप बसंल, त्या दिशी समजा रुसलं."

हे आप्तवाक्य झाले, अनुमान झाले नाही. त्यांनी आणखी एक सांगितले, की हैदराबादेस एका नवाबाच्या प्रचंड मोटारीत त्यांनी असे यंत्र पाहिले आहे, की ज्यात काठीच्या बुडाशी तेल आपोआप भरते आणि फट उरतच नाही; ती मोटार उभी असता चालू आहे की बंद हे हात लावून पाहावे लागते. "पण ते नवाबाचं काम, महाराज. आपल्या गाडीला फटच पाहिजे." येथे त्यांनी नकळत माझाच पक्ष सिद्ध केला. फट नसलेले इंजिन जगात आहे आणि ते अधिक चांगले आहे, हे त्यांनी स्वतः मान्य केले. (तेलाचा तो उपाय मी प्रथम करून पाहिला. घरात एरंडेल होते. चार पळ्या ओतल्यावर आवाज खरोखर कमी झाला आणि अंगणात असा वास सुटला की शेजारच्यांनी कोणाचे पोट बिघडले म्हणून चौकशी केली. थोड्या वेळाने टिकटिक परतली, वास राहिला.)

मग मी पंचावयव वाक्य मांडले. या दांड्यांतील फट काढून टाकण्यास योग्य आहे, ही प्रतिज्ञा. आघातास कारण आहे म्हणून, हा हेतू. जे जे आघातास कारण ते ते काढण्यास योग्य, जसा जात्याचा सैल खुंटा, हे उदाहरण. ही फटही तशीच, हा उपनय. म्हणून ती काढण्यास योग्य, हे निगमन. यात मला आजही एकच दोष दिसतो, आणि तो मला लोखंडाने दाखविला.

चतुर्दशीस सकाळी स्नानसंध्या आटोपून मी झाकण उघडले. (मी सोवळे नेसून होतो असे गावात सांगतात, ते खोटे आहे, जुने धोतर होते.) लालसिंग जिनिंगवर होते, कापसाचा हंगाम असल्याने पौर्णिमेचा एकच दिवस त्यांना मोकळा मिळाला होता. प्रत्येक दांडीवर आटे असलेला एक खिळा व त्याला आवळणारी चाकी असते. चाकी सैल करावी, खिळा फिरवावा, फट मिटली की चाकी आवळावी. काम अवघड नाही. ज्याला पोथीचे बंद नीट बांधता येतात त्याला हे जमते. फट मिटली हे डोळ्याने ठरविणे मला मान्य नव्हते, म्हणून गतवर्षीच्या पंचांगाचे पान प्रत्येक ठिकाणी घालून पाहिले. जेथे पान शिरेना तेथेच मी समाधान मानले. बारापैकी एकातही पान शिरेना. नंतर हँडल मारून इंजिन चालू केले. उद्धवराव, असे मौन मी चातुर्मासातही पाहिलेले नाही. पार्वतीबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "बंद पडली का?" मी म्हटले, चालू आहे. त्या म्हणाल्या, "मग मला भीती वाटते."

पौर्णिमेस पहाटे लालसिंग आले आणि इंजिन चालू करून थबकले. "महाराज, आवाज कुठं गेला?" मी त्यांना पाचही अवयव सांगितले. ते हात जोडून म्हणाले, "तुमी म्हंता तर असंल. पण एकडाव उघडून बघू द्या." मुहूर्त टळत होता, म्हणून मी नको म्हटले. येथे माझा दोष आहे तो मी नोंदवून ठेवतो: ज्याला उत्तर देता येत नाही तो चुकलेलाच असतो, असे मी धरून चाललो. त्यांच्याजवळ शब्द नव्हते, कान होता.

औंढ्यापर्यंत गाडी रेशमावरून चालावी तशी गेली. मागे बसलेल्या पार्वतीबाईंना मी दोनदा विचारले, आवाज येतो का? औंढ्यापुढे गाडीचा दम कमी होऊ लागला, तो दोष मी रस्त्यावर ढकलला. जवळाबाजारला पोचलो. विहीणबाईंनी मोटारीभोवती फेरी घातली, वास घेतला, एरंडेल ओळखले असावे. कालिंदीची ओटी भरली आणि मला बजावले, "मोटारीनंच न्यायचं. मधी बैलगाडी केल्याचं कानावर आलं, तर बारशाला मी येणार न्हाई."

परतताना, औंढा एक कोसावर असता, चढावर गाडी खोकू लागली. मग मागच्या नळीतून बार निघाला आणि ती उभी राहिली. पुन्हा चालू होईना. सूर्य माथ्यावरून ढळला होता. सूर्यास्ताबरोबर आमची मुदत संपत होती. मागे जावे तर बैलगाडी, पुढे जावे तर बैलगाडी. कालिंदी आईच्या खांद्यावर हात ठेवून लिंबाखाली बसली. तिने तक्रार केली नाही. तिने पाय मात्र दाबून धरले होते, आणि ते पाहिल्यावर माझ्याजवळ एकही अवयव उरला नाही.

लालसिंगांनी झाकण उघडले, दांडी हलवून पाहिली, बोट भाजले आणि माझ्याकडे वळले. या वेळी त्यांना शब्द सापडले. "महाराज, लोखंड तापलं की वाढतंय. गार असताना त्याला वाढायला जागा ठिवावी लागती. ती जागा तुमी मिटवली. आता तापून वाढलं, दांडीनं झडपंला दाबून धरलं, झडप मिटंना. मिटली न्हाई की जोर जातो, अन् आगीत झडप जळती." मी म्हटले, हे मला आधी का नाही सांगितले? "तुमी इचारलं फट काहून. तापल्यावर काय हुतं, हे इचारलंच न्हाई."

हेतूत दडलेली ही उपाधी, म्हणजे छुपी अट, माझ्या ध्यानात आली नव्हती. मी इंजिनाचा विचार सकाळी केला, ते गार असता. ते चालायचे होते दुपारी. तेवढ्यात लिंबाखालून तुमच्या भगिनी म्हणाल्या, "गार असताना जागा ठेवायची, म्हंजे तापल्यावर निभतं. हे मला विचारलं असतं तर लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच सांगितलं असतं." कालिंदी हसली. त्या दिवशी ती प्रथमच हसली, म्हणून तो मुद्दा मी मान्य केला.

इंजिन गार होण्यास दोन घटका लागल्या. मग फट पुन्हा ठेवावयाची, तर तिचे माप हवे. लालसिंगांची पोलादी पत्ती जिनिंगवर राहिलेली. "कार्ड असंल तर चालंल, महाराज. पोस्टाचं." माझ्या खिशात एकच कार्ड होते: तुमचे. तेच त्यांनी घेतले, आणि "हात लावू नये" ही अक्षरे एकेका दांडीखाली सरकवीत बाराही ठिकाणी फट लावली. धूर बाहेर टाकणाऱ्या सहा झडपांना कार्ड सैल सरकावे अशी, आत घेणाऱ्या सहांना जरा अडून सरकावे अशी. तुमच्या वाक्यांना हेतू नव्हता, उद्धवराव, पण जाडी अगदी योग्य होती. कार्ड जपून ठेवले आहे. आता ते वाचता येत नाही.

हँडलने इंजिन घेईना. उतार मिळाला तर घेईल असे लालसिंग म्हणाले, परंतु आम्ही चढावर होतो. तेव्हा हळदीची पोती टाकून परतणारे सोनाजी नावाचे शेतकरी रिकाम्या गाडीसह आले. बैल सोडून मोटारीला लावण्यास ते तयार झाले, मात्र आधी त्यांनी मोटारीला एक प्रदक्षिणा घातली. "शास्त्रीबुवा, मोटारीला बैल लागत असतील तर बैलाचं काय वाईट होतं? काहून घेतली?" माथ्यापर्यंत बैलांनी मोटार ओढली. कालिंदी आईचा हात धरून, थांबत थांबत, चालत वर आली. (बैल मोटारीस जोडल्याने मोटारीची बैलगाडी होत नाही, आणि त्या वेळी कालिंदी मोटारीत नव्हती. विहीणबाईंनी तुम्हांस विचारल्यास, मोटारीने आली, एवढेच सांगावे. ते सत्य आहे.)

उतारावर इंजिनाने एक हिसका दिला, आणि टिकटिक सुरू झाली. इंजिनाच्या सहा नळकांड्यांपैकी एक मुके झाले होते, कारण त्याची झडप जळली होती. उरलेल्या पाचांवर गाडी चालली. लालसिंग हसून म्हणाले, "तुमचं बी पाचावरच भागतंय न, महाराज?" मी त्यांना पंचावयव वाक्य ऐकविल्याचा हा परिणाम. साऱ्या वाटेवर ती टिकटिक चालू होती आणि मी ती मोजत होतो, की थांबू नये. कालिंदी मागे आईच्या मांडीवर डोके ठेवून, त्या आवाजात, गाढ झोपली. आम्ही हिंगोलीत शिरलो तेव्हा गल्लीत त्रिपुरी पौर्णिमेचे दिवे मांडीत होते, परंतु पेटविलेले नव्हते. सूर्य अर्धा वर होता. मी उतरून तो पाहून घेतला.

तेव्हा तुमच्या प्रश्नांची उत्तरे: कालिंदी घरी आहे. गाडी पाच भाग ठीक आहे. दोष कोणाचा, याचा विचार मी तीन दिवस केला. तुमच्या कार्डात हेतू नव्हता, लालसिंगांजवळ शब्द नव्हते, आणि लोखंड तापले की वाढते हे लोखंडाने आधी कळविले नव्हते. ही तिन्ही कारणे खरी असून, तिन्ही वजा केल्यावर दोष संपूर्ण माझा उरतो. मातोश्रींस साष्टांग नमस्कार सांगावा. या पत्रात जेथे मी स्वतःचे समर्थन केल्यासारखे वाटेल, तेथे तुम्ही वकिलाच्या नजरेने न वाचता धाकट्या भावाच्या नजरेने वाचावे, ही आशा.

तुमचा,
मार्तंडशास्त्री

ता. क. जळलेली झडप फडक्यात बांधून सोबत पाठविली आहे. तशीच नवी हैदराबादेहून मागवावी. लालसिंग म्हणतात, बसविण्यास एक सकाळ पुरे.

ता. क. दुसरा. वर अप्रस्तुत म्हटलेला विषय. वीस वर्षांपूर्वी, कालिंदीच्या वेळी, तुम्ही अठरा वर्षांचे असता पूर्णेपलीकडून बैलगाडी घेऊन ताईला न्यावयास आला होता, आणि गर्भिणीने नदी ओलांडू नये असा निर्णय देऊन मी ती गाडी रिकामी परत पाठविली. ज्या ग्रंथावरून तो निर्णय दिला, तो या आठवड्यात पुन्हा काढला. निषेध पूर आलेल्या नदीपुरता आहे. तुम्ही आला होता माघात. पूर्णेला घोटाभर पाणी होते. पुढची ओळ मी वाचली नव्हती. हे पार्वतीबाईंना काल सांगितले. त्या म्हणाल्या, "मला ठाऊक होतं. घोटाभर पाणी खिडकीतून दिसत न्हाई, पण उद्धवच्या पायांवर गाळ घोट्यापर्यंतच होता, तो मी पाहिला होता." वीस वर्षांत त्या हे एकदाही बोलल्या नाहीत.

ता. क. तिसरा, आणि पत्र लिहिण्याचे कारण. माझ्या सोवळ्याच्या स्वयंपाकामुळे त्या या वीस वर्षांत माहेरी दोन रात्रींपेक्षा अधिक राहिल्या नाहीत. बाळंतपण होऊन कालिंदी सासरी गेली, की तुम्ही रेल्वेने यावे आणि आपली मोटार परत न्यावी. ती रिकामी नेऊ नये. ताईला बसवून न्यावे आणि एक महिना मातोश्रींजवळ ठेवावे. मी भात शिजवण्याचा अभ्यास चालविला आहे. तूर्त तो खालून करपतो आणि वरून कच्चा राहतो, परंतु या वेळी कारण आधी विचारून घेतले आहे.

ता. क. चौथा. बारापैकी चौथ्या दांडीचा आवाज इतर अकरांहून किंचित अधिक होता. फक्त तीच, आणि अगदी थोडीशीच, आवळली आहे. लालसिंगांस कळवू नये.